पाण्याखालची लेकरं

छावणीतल्या आमच्या चर्चला नवे पाळक आले, त्या पहिल्याच रविवारची गोष्ट. उपासना संपत आली की आमच्याकडे पाळकसाहेब विचारतात, "कुणाची काही विनंती?" मग कुणी आजाऱ्यासाठी सांगतं, कुणी मुलाच्या परीक्षेसाठी, कुणी रखडलेल्या सोयरिकीसाठी. त्या दिवशी बायकांच्या बाजूला, भिंतीकडच्या बाकावरून आवडाबाई उठली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि दर रविवारी म्हणायची तेवढंच म्हणाली, "माझ्या लेकरांसाठी मागा."

पाळकसाहेब तरुण होते. सगळ्यांची ओळख करून घ्यायची म्हणून त्यांनी विचारलं, "किती मुलं तुम्हाला, मावशी?"

"तीन."

"कुठं असतात?"

"पाण्याखाली, साहेब. धरणाच्या."

जुन्या माणसांना ते ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं. त्यांनी कसाबसा आशीर्वाद दिला आणि उपासना संपवली. नंतर बाहेर पायरीवर त्यांनी तिला हळू आवाजात समजावलं, "आपल्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, मावशी. ते प्रभूपाशी पोचलेत. मागायचं ते जिवंतांसाठी."

आवडाबाईनं मान हलवत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गेलेल्यांसाठी न्हाय मागत म्या, साहेब. माझ्या लेकरांसाठी मागते." आणि चपला घालून फाटकाकडे निघाली. फाटकाबाहेर बाभळीखाली तिचा नवरा शांतवन बसलेला होता. तो दर रविवारी तिला चर्चपर्यंत आणून सोडायचा, उपासना संपेपर्यंत बाहेर बसायचा आणि तिला घेऊन घरी जायचा. आत मात्र यायचा नाही.

मी तेव्हा दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते आणि आवडाबाई तिथंच आया होती. मी तिला मावशी म्हणायची. दुपटी घड्या करताना, बाटल्या उकळताना, दुपारी वॉर्ड निजला की ती बोलायची. एका बैठकीत कधीच नाही. आज एक तुकडा, मग चार महिन्यांनी दुसरा. ते सगळे तुकडे जोडून मी हे सांगते आहे.

आवडा मूळची वैजापूरकडची. निजामाची राजवट संपवणारी पोलिस ॲक्शन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती तेव्हा तिचं लग्न झालं. त्या भागात तिच्या नात्यातली अर्धी घरं ख्रिस्ती झालेली, अर्धी नाही, पण सोयरिकी दोन्हीकडं चालायच्या. शांतवन त्रिभुवन हा ख्रिस्ती घरातला. गंगेच्या काठी पळसकुंड म्हणून गाव होतं, तिथल्या छोट्या मिशनच्या शाळेत तो मास्तर होता. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. लग्नाआधी आवडाचा बाप्तिस्मा झाला. "मला कुठं काय कळत व्हतं?" ती सांगायची. "नवऱ्याचं घर ते आपलं घर, नवऱ्याचा देव तो आपला देव. डोस्क्यावर पानी पडलं, गार लागलं, एवढंच ध्यानात हाय."

पुढं मात्र तिला कळायला लागलं. शांतवन संध्याकाळी ओट्यावर बसून शास्त्रातल्या गोष्टी सांगायचा. आठ-दहा घरांची मंडळी गोळा व्हायची, शिवाय कारभारी नावाचा शेजारचा कुणबी शेतकरी, तोही गंमत म्हणून येऊन टेकायचा. आवडाला एक गोष्ट फार आवडायची. एका विधवेचा एकुलता एक मुलगा मरतो, लोक तिरडी घेऊन वेशीबाहेर निघतात, तेवढ्यात येशू समोरून येतो आणि त्या आईला म्हणतो, रडू नको. आणि पोरगा उठून बसतो. "परत सांगा," ती म्हणायची. शांतवन हसून परत सांगायचा. त्याचा आवाज गोड होता. भजन धरलं की नदीपलीकडं ऐकू जायचं म्हणे.

त्यांना तीन मुलं झाली. थोरली करुणा, मग अमृत, आणि अंगावर पिणारी दया. करुणाला बापानं पाटीवर अक्षरं शिकवली होती आणि ती आईला शिकवायला बघायची. अमृतला झोपताना आईच्या पदराचं टोक मुठीत लागायचं. मूठ सोडवली की जागा व्हायचा.

मग एका वर्षी गंगेला गढूळ पाणी आलं आणि त्यामागं पटकी आली. गावात लोक म्हणाले, मरीआईचा फेरा आहे. घरटी एक-दोन माणसं आडवी झाली. सगळ्यात आधी आवडाच पडली. उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी तिची शुद्ध हरपली. तिला आठवतं ते एवढंच, की शांतवन तिच्या ओठांवर ओलं फडकं पिळत होता आणि दया कुठंतरी रडत होती.

ती शुद्धीवर आली तेव्हा घर गप्प होतं.

"करुणे," तिनं हाक मारली. "पानी दे गं."

शांतवननं पाणी आणून दिलं.

"लेकरं कुठं हायेत?"

तो उठून दारात गेला आणि तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. पाठीवरूनच तिला समजलं.

तिघंही गेली होती. एकामागून एक, ती बेशुद्ध असताना. गंगापूरच्या पाळकांना निरोप गेला होता, पण नदीला पाणी होतं, ते येऊ शकले नाहीत. खड्डे खणायलाही माणसं उरली नव्हती. कारभारीनं खणले. आणि जे शब्द पाळकांनी म्हणायचे असतात ते बापानंच वाचले. तिन्ही वेळा.

आवडाच्या पोटात पेज गेली, अंगात थोडं बळ आलं, आणि त्याबरोबर दूधही परत आलं. ते सांगताना मावशी हातातलं काम थांबवायची. "प्यायला कुनी न्हवतं, पोरी. छाती दगडागत झाली. पिळून मातीत टाकलं म्या."

चालता यायला लागल्यावर ती नवऱ्याच्या खांद्याला धरून मातीकडं गेली. गावाच्या वरच्या अंगाला, दरडीवर, एका निंबाखाली ख्रिस्ती लोकांची जागा होती. तिथं तीन ढिगारे होते, त्यांवर नदीतले गोटे रचलेले. आवडा रडली नाही. तिनं नवऱ्याला विचारायला सुरुवात केली. करुणाची वेणी घातली होती का? दयाला कशात गुंडाळलं? अमृतच्या मुठीत काय दिलं? शांतवन सांगत गेला. वेणी घातली न्हवती. तिघांनाही तुझ्याच गोधड्या. अमृतच्या मुठीत काय... काय न्हाई दिलं.

"कायतरी द्यायचं व्हतं," ती म्हणाली. "झोपायचा न्हाय तो."

शांतवन तिथंच खाली बसला. त्यानंतर त्यानं कधी प्रार्थना केली नाही.

म्हणजे काही बोलून, भांडून सोडलं असं नाही. शाळेत सकाळी मुलं हात जोडून उभी राहायची आणि मास्तर नुसता उभा राहायचा. शेवटी मुलंच आपापसात काहीतरी पुटपुटून बसायची. मिशनचे साहेब विचारायला आले. त्यांना तो म्हणाला, "मला शब्द येत न्हाईत, साहेब. होते ते तीन खेपेत संपले." त्यानं शाळा सोडली आणि कारभारीच्या शेतावर सालदार म्हणून राहिला. पण आवडानं प्रार्थना करू नये असं तो कधी म्हणाला नाही. जेवायला बसलं की ती डोळे मिटून देवाचे आभार मानायची, आणि तिचं होईपर्यंत तो भाकरीला हात लावायचा नाही.

वैजापूरकडून तिची आई सारजाबाई आली. ती ख्रिस्ती झालेली नव्हती. लेकीला मिठी मारून रडून झाल्यावर तिनं मनातलं बोलून दाखवलं. "आपलं सोडलंस म्हनून झालं हे. अजून बी चल माझ्याबरूबर. मरीआईला नारळ फोडू, खणाची वटी भरू. तुमच्या येशूनं काय राखलं सांग बरं?"

"काय न्हाय राखलं," आवडा म्हणाली.

"मंग? कामून धरून बसलीस त्याला?"

यावर ती काय बोलली ते मला तिनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. "आई, त्यो म्हनतो लेकरं त्याच्यापाशी हायेत. बाकी कुनीच तसं म्हनत न्हाय. म्या त्याला सोडला तर लेकरं कुनापाशी हायेत म्हनू?"

मला ती सोशिक, शांत बाई होती असं सांगायचं नाही. देवाशी ती कडाकडा भांडायची. विधवेच्या पोराची ती गोष्ट तिला नंतर ऐकवेना. "त्या गावात थांबला," म्हणायची, "आमच्या गावावरून कामून न थांबता गेला? वाट न्हवती का तिकडून?" वॉर्डात एखादं मूल दगावलं की ती कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडं तोंड करून, दात ओठ खाऊन काहीतरी बोलायची. मला वाटायचं रडतेय. जवळ गेल्यावर कळायचं, जाब विचारतेय. आणि तासाभरानं त्याच तोंडानं दुसऱ्या मुलासाठी मागायची.

पुन्हा तिची कूस उजवली नाही. पळसकुंडला दरसाल पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सकाळी ती गोट्यांना चुना लावायची, भोवतालचं गवत काढायची. अशी कितीतरी वर्षं गेली. मग मोजणीवाले आले.

पैठणला धरण होणार, गंगा अडणार आणि पळसकुंड बुडणार, हे आधी कुणाला खरं वाटलं नाही. मग भिंत वर यायला लागली. गावाला वर, लांब माळावर नवी जागा मिळाली. ख्रिस्ती घरं तेवढ्यात पांगली, कुणी जालन्याला, कुणी नगरकडं. शांतवननं शहरात जायचं ठरवलं. निघायच्या आधी पाळक येऊन गेले. ज्यांना आपल्या माणसांच्या अस्थी उचलून न्यायच्या असतील त्यांनी न्याव्यात, छावणीच्या दफनभूमीत जागा देऊ, असं त्यांनी सांगितलं.

"आपुन नेऊ," आवडा म्हणाली.

"न्हाई," शांतवन म्हणाला.

"पान्यात सोडून जायाचं त्यांना?"

"म्या एकदा पुरलीत, आवडे. परत उघडून परत पुरायची ताकद माझ्यात न्हाई. तुझ्यात आसंल तर तू कर."

म्हणून ती कारभारीकडं गेली. तो तोवर म्हातारा झाला होता. त्यानं कुदळ घेतली. उन्हं कलायच्या आत दोघं निंबाखाली पोचली. मधल्या ढिगाऱ्यापासून सुरुवात करा, असं तिनंच सांगितलं. अमृत मधला होता. काळी माती उन्हानं भेगाळलेली होती. कारभारी खणत होता आणि ती खुरप्यानं माती बाजूला ओढत होती. बरंच खाली गेल्यावर तिच्या खुरप्याला काहीतरी मऊ लागलं. तिनं कारभारीला हातानं थांबवलं आणि बोटांनी माती सारली. गोधडीचा एक तुकडा होता. रंग गेलेला, मातीगत काळा झालेला, पण टाके दिसत होते. तिचेच टाके.

तिनं त्यावर तळहात ठेवला.

"उचलू का, बाई?" कारभारीनं विचारलं.

"नगं," ती म्हणाली. "निजलंय. राहू द्या."

तिनं स्वतःच्या हातानं माती परत लोटली. बाकीचे दोन उघडले नाहीत. पावसाळ्यात धरणात पाणी साठलं आणि दरडीवरून निंबाच्या शेंड्यापर्यंत गेलं. ते बघायला ती गेली नाही.

पण ते 'राहू द्या' तिला पुढं फार जाचलं. "उचलायला पायजे व्हतं," ती मला म्हणायची. मग थोड्या वेळानं, "न्हाय, बरं केलं." मग पुन्हा, "निदान बघायचं तरी. त्या खेपेला बी तोंड न्हाय बघितलं, या खेपेला बी न्हाय." शहरात रिमझिम लागली की तिला झोप यायची नाही. लेकरांवर पाणी वाढतंय असं वाटायचं.

शहरात छावणीच्या अलीकडं एका चाळीत त्यांना खोली मिळाली. शांतवन एका गोदामावर राखण करायला लागला, ती दवाखान्यात लागली. शेजारच्या खोलीत फहमिदा राहायची. ती विधवा होती आणि शिवणकाम करायची. माहेर सिल्लोडकडचं. सुरुवातीला दोघींची भाषा जुळेना, मग जुळली, म्हणजे दोघींनी मिळून एक तिसरीच भाषा तयार केली.

एकदा गेलेल्यांची आठवण काढायच्या शब-ए-बारातच्या रात्री सगळी मोहल्ल्यातली माणसं कब्रस्तानात जायला निघाली आणि फहमिदाही पुरुषांच्या मागं, फाटकापर्यंत जाऊन आली. आवडानं विचारलं, "तुमचं कोन हाय तिथं?"

"कोई नै," फहमिदा म्हणाली. पोलिस ॲक्शनच्या वेळी ती लहान होती. गावात धामधूम झाली तेव्हा तिचे वडील घरातून निघाले, ज्वारीच्या शेतात लपायला म्हणून. "वो गए सो गए. न मट्टी मिली, न कबर. अम्मा जिंदगीभर दरवाजेकू कान लगाके बैठी."

"मंग फाटकापाशी कुनासाठी थांबता?"

"किसीके बी वास्ते. जिसकी कबर पे कोई नै आया, उसके वास्ते फातेहा पढती. सोचती, मेरे अब्बा जहाँ बी पडे, वहाँ बी कोई पढता होयेंगा."

आवडाच्या मनात ते राहिलं. दुसऱ्याच आठवड्यात ती आमच्या दफनभूमीत गेली. तिचा जुना भाग इंग्रजांच्या काळचा. पलटणीतल्या साहेबांच्या, मडमांच्या कबरी, आणि त्यांच्यामधे लहान लहान कितीतरी. त्यांच्याकडं आता कुणी येत नाही. काटेरी झुडपांत एक फूटभर उंचीचा दगड तिला दिसला. त्यावर कोकराचं चित्र कोरलं होतं आणि त्याचा कान तुटलेला होता. तिनं तिथलं झुडूप कोयत्यानं तोडलं, दगड धुतला. त्यावरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "एक नाव वाचून द्या मला."

दफनभूमीत पाऊल न टाकणारा शांतवन त्या दिवशी तिच्याबरोबर गेला. दगडासमोर उकिडवा बसून त्यानं बोटानं अक्षरं चाचपली. थोडं इंग्रजी त्याला मिशनच्या शाळेतलं येत होतं.

"एलन," तो म्हणाला. "पोरगी हाय. सा वर्सांची."

"आईचं नाव हाय का?"

"बापाचं हाय. पलटणीतला व्हता."

"मंग पलटण गेली आसंल दुसरीकडं. आई बी गेली आसंल."

"गेली आसंल."

"लई जीव तुटत आसंल तिचा," आवडा म्हणाली. "परत येता यावं म्हनून. जहाजात बसून गेली तरी मागं बघत आसंल."

पुढच्या आठवड्यात ती निघाली तेव्हा पाण्याची बादली शांतवननं उचलली. त्यानंतर दोघं नेहमीच जायला लागली. एलनच्या शेजारी एक बाळ होतं, त्याच्या दगडावर नावच नव्हतं, तेही त्यांनी साफ केलं. ती गुडघ्यावर बसून प्रार्थना करायची. तो लांब उभा राहून बादली सांभाळायचा.

शांतवनची छाती जुनी दुखरी होती. एका थंडीत ती भरून आली ती मोकळी झालीच नाही. आमच्याच दवाखान्यात त्याला ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी मी त्याची नाडी बघत होते. आवडामावशी त्याच्या पायाशी बसलेली. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "आवडे, तू म्हन."

"काय म्हनू?"

"म्हनतीस ते."

ती जवळ सरकली आणि प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणायला लागली. शांतवननं डोळे मिटले नाहीत. तो तिच्या ओठांकडं बघत राहिला. बहिरा माणूस बघतो तसा, एकेक शब्द उचलल्यासारखा. शेवटी तिनं आमेन म्हटलं. मी वाट बघत होते, हाही म्हणेल. तो म्हणाला नाही. त्यानं तिच्या पदराचं टोक धरलं आणि तासाभरानं गेला.

त्याला चर्चच्या विधीनं माती द्यायची की नाही यावर पंचमंडळीत थोडी कुरबूर झाली. इतकी वर्षं माणूस उपासनेला बसला नव्हता, प्रभुभोजन घेतलं नव्हतं. पाळकसाहेब, तेच, आता तितकेसे नवे राहिले नव्हते, ते स्वतः तिच्याकडं आले. त्यांनी विचारलं, "मावशी, शांतवनदादा विश्वासात गेले असं म्हणता येईल का?"

"ते देवाशी बोलत न्हवते, साहेब," ती म्हणाली. "रुसले व्हते. पर रुसल्यालं मानूस घरातच आसतंय. घर सोडून गेल्यालं रुसत न्हाय."

माती देताना पाळकसाहेबांनी सगळे शब्द म्हटले, एकही न गाळता.

त्यानंतर दोन-तीन वर्षं ओळीनं पाऊस गेला. धरण आटत आटत पार खाली गेलं. वर्तमानपत्रात आलं, बुडालेल्या गावांची जोती उघडी पडली, एका देवळाचा कळस दिसायला लागला. दवाखान्यात कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं आणि मावशीनं हातातली ताटली खाली ठेवली.

"मला घेऊन जातीस का?" तिनं मला विचारलं.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. पुढं थोडं जीपनं, मग पायी. मला वाटलं होतं, उघडं पडलेलं गाव म्हणजे काहीतरी ओळखू येण्यासारखं असेल. तिथं नुसता गाळ होता. क्षितिजापर्यंत करडा, तडकलेला, शिंपल्यांचा. त्यात लोकांनी टरबुजांचे वेल लावले होते आणि हिरवे पट्टे लांबवर गेले होते. लांब कुठंतरी पाण्याची रेघ चमकत होती आणि तिच्यावर बगळे. पळसकुंडचं म्हणून दाखवलं ते दगडांचं एक जोतं, तेही नक्की कुणाचं ते कुणाला सांगता येईना.

मावशी चालत राहिली. निंब शोधत होती. खोड तरी असेल, बुंधा तरी असेल. एका जागी थांबायची, नदी कुठं होती ते आठवायची, हातानं दिशा मोजायची, पुन्हा चालायची. ऊन डोक्यावर आलं. वेलांना पाणी घालणारी एक बाई आमच्याकडं बघत होती. तिनं विचारलं, "काय हरवलं, आजी?"

"इथं माझी लेकरं हायेत," मावशी म्हणाली.

त्या बाईनं घागर खाली ठेवली. ती दुसऱ्याच गावची होती, तिला काहीच माहिती नव्हती, तरी तीही आमच्याबरोबर बुंधा शोधायला लागली. आम्ही तिघी दुपार कलेपर्यंत हिंडलो. बुंधा सापडला नाही. गाळ पुरुषभर साचला असेल असं ती बाई म्हणाली.

शेवटी मावशी एका ठिकाणी बसली. ती जागा तीच असं नाही, पाय थांबले म्हणून. दोन्ही हात तिनं गाळावर पालथे ठेवले. मला वाटलं आता रडेल. ती बोलायला लागली, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी. करुणा, तुझा बाप आला गं तिकडं. त्याला वाट दाव, त्यो लाजंल. अमृत, दयाला धर. म्या येतेच. जरा उशीर हुतोय मला, काय करू, बोलवत न्हाय द्येव. असं कितीतरी. ती टरबूजवाली बाई आणि मी लांब जाऊन उभ्या राहिलो.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. नखांत गाळ तसाच. बरंच अंतर गेल्यावर मला म्हणाली, "पोरी, तू शिकलेली हायेस. एक सांग. उठतील तवा केवढाली आसतील गं ती?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी समदे उठनार ना? तवा दया अंगावर पिनारीच आसंल का मोठी झाल्याली? मोठी झाल्याली आसंल तर म्या कसं वळखावं? आन लहानच आसतील तर त्यांनी मला कसं वळखावं? त्यांची आई तरनी व्हती. आशी न्हवती."

मी म्हटलं, "ओळखतील, मावशी."

"तुला नक्की ठावं हाय?"

"नाही."

"मला बी न्हाय," ती म्हणाली. "तेवढंच एक इच्यारायचंय त्याला. बाकी काय न्हाय आता माझं भांडान." आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

त्यानंतर ती फार वर्षं नव्हती. एका पहाटे झोपेतच गेली, आणि शांतवनच्या कडेला तिला माती दिली. पण मला ती आठवते ती त्या संध्याकाळची. आम्ही चाळीत पोचलो तेव्हा फहमिदा दारात शिवणयंत्रापाशी बसलेली होती. तिनं मशीन थांबवलं आणि मावशीच्या पायांकडं, गाळानं भरलेल्या लुगड्याच्या काठाकडं बघितलं.

"मिले?"

"न्हाय मिळाले," मावशी म्हणाली.

फहमिदा उठली, बादलीत पाणी आणलं आणि खाली बसून तिचे पाय धुवायला लागली. मावशी नको नको म्हणत होती. फहमिदानं ऐकलं नाही.

"मिलेंगे, आपा."

"व्हय," आवडाबाई म्हणाली. "मिळतील. पर लई वाट बघायला लावतोय गं त्यो."